गाडीचा डॅशबोर्ड आम्ही अंगणात काढला

मागच्या वेळी इथे बसून मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलले होते. आज विषय अगदी वेगळा आहे. गाडीचा डॅशबोर्ड घरच्या घरी कसा काढायचा, हे आज सांगणार आहे. हसू नका. कुणी पापड लाटत ऐकत असेल तर लाटणं चालू ठेवा, फक्त कान इकडे असू द्या. आता बऱ्याच गटांकडे माल न्यायला एखादी जुनी गाडी असते, आणि त्या गाडीत बसतो आपणच.

आधी डॅशबोर्ड म्हणजे काय ते सांगते. पुढच्या काचेच्या खाली, या दारापासून त्या दारापर्यंत प्लास्टिकचा जो आडवा कट्टा असतो ना, ज्यावर आपण गणपती ठेवतो आणि टोलच्या पावत्या कोंबतो, तो डॅशबोर्ड. वरून तो नुसता कट्टा दिसतो. पण त्याच्या मागे गाडीच्या सगळ्या शिरा असतात. दिव्यांच्या, हॉर्नच्या, वायपरच्या, इंडिकेटरच्या वायरी तिथूनच जातात. म्हणून तिथे काही बिघडलं की हा कट्टा पुढे ओढल्याशिवाय हात पोचत नाही.

आमच्या गटाची गाडी ओम्नी आहे. जुनी घेतलेली, अध्यक्ष अक्कांच्या नावावर. ही गाडी कंपनीने २०१९ साली बनवायची बंद केली, पण आपल्याकडे अजून खूप पळतात. काळा मसाला, पापड, शेवया भरून आठवडी बाजाराला जायचं आणि येताना किराणा आणायचा, हे तिचं काम. गाडी चालवतो अक्कांचा पुतण्या. पोरगा चांगला आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याची एक चूक सांगायची आहे.

एप्रिल महिना होता. कुरडया-पापडाचा हंगाम, म्हणजे आमची वर्षाची निम्मी कमाई. गाडीचा आधी डावा इंडिकेटर बंद पडला. मग हॉर्न कधी वाजायचा, कधी नाही. एक दिवस वायपर आपोआप फिरायला लागला, भर उन्हात. आम्ही हसलो, म्हटलं गाडीला पाऊस आठवला. मग फ्यूज जायला लागला. नवा घातला की दोन दिवसांनी परत जायचा. एकदा बाजाराच्या दिवशी पहाटे पाचला फ्यूज गेला, माल भरलेला होता, आणि दुकान उघडायला चार तास होते. तेव्हा त्या पोराने फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. सगळं झटक्यात चालू झालं. तो म्हणाला, "काकू, आता जायची कटकटच नाही." आणि आम्ही सगळ्याजणी "चला, झालं ना चालू" म्हणून बसलो. त्यात मी बी.ए. झालेली, गटाची समन्वयक, मीही बसले.

असे तीन आठवडे आम्ही त्या गाडीतून फिरलो.

मग एका संध्याकाळी बाजारातून परत येताना रबर जळाल्यासारखा वास यायला लागला. आधी वाटलं बाहेर कुणी टायर पेटवलंय. पण माझ्या गुडघ्यापाशी, समोरच्या कप्प्याच्या खालून, बारीक निळसर धूर येत होता. गाडीत आम्ही पाचजणी आणि वहिनींचं तीन वर्षांचं लेकरू. मागे रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि या गाडीत इंजिन पुढच्या सीटच्याच खाली. पोराने गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली, आम्ही लेकराला घेऊन उड्या मारल्या. चावी बंद केली तरी धूर थांबेना. त्याने धावत जाऊन बॅटरीची तार काढली तेव्हा थांबला. कुणाला काही झालं नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली आम्ही बराच वेळ नुसत्या उभ्या होतो. बोलायला कुणाकडे काही नव्हतं.

फ्यूज म्हणजे काय हे त्या दिवशी मला नीट कळलं. घरातला जुना मीटरबोर्ड आठवा. त्यात पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यात बारीक तार असायची, भार जास्त झाला की ती तार वितळायची आणि लाईट जायची. कुणीतरी शहाणा तिथे जाड तार गुंडाळायचा आणि म्हणायचा, आता जात नाही. गाडीतही तेच. फ्यूजच्या आत मुद्दाम कमजोर ठेवलेली पट्टी असते. कुठे वायरीला वायर टेकली, करंट वाढला, की ती आधी वितळते आणि पुढचं वाचवते. तिच्या जागी तार घातली की वितळायला कमजोर असं काही उरत नाही. मग मागची खरी वायरच तापते, तिचं आवरण पेटतं, तेही प्लास्टिकच्या कट्ट्यामागे, जिथे दिसत नाही. फ्यूज वारंवार जातोय म्हणजे तो खराब आहे असं नाही. मागे काहीतरी उघडं पडलंय, हे तो सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी वायरमनला दाखवलं. तो म्हणाला, उंदराने वायरिंग खाल्लंय, पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागेल. सात हजार सांगितले, आणि लग्नसराईच्या गाड्या असल्यामुळे आठ-दहा दिवस लागतील म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. कामच मेहनतीचं आहे आणि बहुतेक पैसे मेहनतीचेच असतात. पण दहा दिवस म्हणजे आमचे दोन बाजार बुडणार होते.

रात्री गटाची बैठक बसली. माझी पुतणी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते, सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आत्या, काढायचं काम आपण करू. वायरी मी जोडते. फक्त कुणीतरी तपासणारं पाहिजे." खजिनदार वहिनी म्हणाल्या, "आणि मोडलं तर भरून कोण देणार? गाडीवर गटाचं कर्ज आहे." प्रश्न रास्त होता. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की गावातल्या मेकॅनिकभाऊंना पाचशे रुपये देऊन दोन वेळा बोलवायचं. एकदा स्टिअरिंगचे बोल्ट सोडायला आणि तेच परत आवळायला, आणि एकदा सगळे जोड बघायला. स्टिअरिंगला आपण हात लावायचा नाही. हा ठराव इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वहिनींनी सही केली, पण पेन जरा जोरात टेकवलं.

आता मुख्य काम सांगते. वही-पेन असेल तर घ्या.

पहिली गोष्ट, गाडी कोणती आहे ते बघा. आमच्या जुन्या ओम्नीत एअरबॅग नाही. नव्या गाड्यांत असते. जुलै २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि पुढे शेजारच्या सीटलाही झाली. ती स्टिअरिंगच्या मध्ये आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या आत असते. तिच्यात स्फोटक भरलेलं असतं, धडक बसली की क्षणात फुगते. हाताळताना ती तोंडावर उडाली तर जीवावर बेतू शकतं. तिच्या वायरीचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. तेव्हा गाडीत एअरबॅग असेल तर डॅशबोर्ड घरी काढायचा विचारच सोडा, जाणकाराकडे न्या. मी जे सांगतेय ते फक्त बिनएअरबॅगच्या जुन्या, साध्या गाडीसाठी आहे.

दुसरी गोष्ट, अंगावरचं काढून ठेवा. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र. सांगायला मला अवघड वाटत नाही आणि तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये किंवा एक टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धातूची बांगडी आली की ती लाल होईपर्यंत तापते, हात भाजतो. आम्ही सगळ्यांचे दागिने एका डब्यात घालून अक्कांच्या आईकडे दिले. त्या ओट्यावर डबा मांडीत घेऊन बसल्या त्या दिवसभर, जेवायलाही उठल्या नाहीत. पदर खोचा, ओढणी काढा, वेणी आत घ्या.

तिसरी गोष्ट बॅटरीची. चावी काढून घ्या आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे वजा खुणेची, काळी तार आधी सोडा. जोडताना तीच सगळ्यात शेवटी जोडायची. याला कारण आहे. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. आधी अधिक खुणेची तार सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते. वजाची तार आधी सुटली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. सोडलेल्या तारेच्या तोंडाला कापड गुंडाळून ती बाजूला बांधून ठेवा, म्हणजे आपोआप परत टेकणार नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. काही सोडायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक वेळी. मोबाईल एकीच्या हातात द्या, तिचं दुसरं काहीच काम नाही. आणि स्क्रू? आम्ही मसाल्याचा डबा वापरला. सात वाट्या असतात ना त्यात, तोच. एका वाटीत मीटरचे स्क्रू, एकीत डाव्या कप्प्याचे, एकीत खालच्या कव्हरचे, असं. आणि वहीत पान पाडलं: वाटी क्रमांक, कुठले स्क्रू, किती, लांब की आखूड. आपण गटात प्रत्येक दहा रुपयांची नोंद ठेवतो ना, तशीच. आमच्या गाडीतून लहानमोठे मिळून ३१ स्क्रू निघाले. हा आकडा गाडीगाडीप्रमाणे बदलतो, तुमचा तुम्ही मोजा.

मग कामाला हात घातला. आधी स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर, मग डावीकडचा कप्पा, मग मीटर, आणि शेवटी मोठा कट्टा, असं आतबाहेर बघत गेलो. मीटरच्या पुढची चौकट सुटल्यावर मीटर जरासं पुढे येतं, पण ओढायचं नाही. त्याच्या मागे दोन गोष्टी असतात. एक वायरींचा जोड आणि दुसरी किलोमीटरची केबल, जी चाकाचा वेग काट्यापर्यंत आणते. हात मागे घालून केबलचा खटका दाबायचा आणि मग ती सुटते. बोटं बारीक असतील तर सोपं जातं. हे काम आमच्या गटात सगळ्यात लहान असलेल्या सूनबाईने केलं. मेकॅनिकभाऊ म्हणाले, "माझा हात तिथे जातच नाही, मी दर वेळी चिमट्याने करतो."

वायरींचे जोड सोडताना वायर धरून ओढायची नाही. जोडाच्या अंगाला एक छोटी जीभ असते, ती दाबायची आणि प्लास्टिक धरून ओढायचं. ओढायच्या आधी दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहायचा. या जोडावर १, त्याच्या जोडीदारावरही १. आम्ही चौदापर्यंत गेलो.

प्लास्टिकचे खटके उचकटायला लोखंडी पेचकस घातला की कडा तुटते. आम्ही कापड गुंडाळलेला लाकडी कालथा वापरला, छान चालला. आणि हे काम थंड पहाटे करू नका. जुनं प्लास्टिक थंडीत कडक होऊन टचकन मोडतं. जरा ऊन चढू द्या.

स्टिअरिंगचे बोल्ट मेकॅनिकभाऊंनी सैल करून दांडा खाली घेतला. मग आम्ही दोघी दोन्ही दारांशी उभ्या राहिलो आणि कट्टा पुढे घेतला. आला नाही. वहिनी म्हणाल्या, "हिसडा द्या." पुतणी ओरडली, "नका, नका!" तिने मोबाईलच्या उजेडात वाकून बघितलं तर मीटरच्या खोबणीत, धुळीत बुजलेला एक स्क्रू राहिला होता. मैत्रिणींनो, एवढं एक ध्यानात ठेवा. डॅशबोर्ड अडकला तर जोर लावायचा नाही, राहिलेला स्क्रू शोधायचा. स्क्रू सहसा तीन ठिकाणी दडतात. दार उघडल्यावर दिसणाऱ्या बाजूच्या कडेत, कप्पा काढल्यावर त्याच्या मागे, आणि एखाद्या छोट्या प्लास्टिकच्या टिकलीखाली.

कट्टा बाहेर आला आणि आत काय होतं! उंदराचं घर. आमच्याच पापडाच्या पिशव्यांचे तुकडे, गादीचा कापूस, शेंगांची टरफलं. वर आमच्याच मसाल्याचा वास. तिखट खाऊनही त्याला काही झालं नव्हतं. वायरींच्या जुडग्याचं आवरण वीतभर कुरतडलेलं, तीन तारा उघड्या, त्यातल्या दोन एकमेकींना चिकटून काळ्या पडलेल्या. धूर इथूनच आला होता. त्याच्या वर चार बोटांवर गाडीतल्या गोधडीचा एक कोपरा अडकलेला होता. पुतण्या ते बघून मागे सरकला आणि विहिरीकडे निघून गेला. अक्का त्याच्या मागे गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण अर्ध्या तासाने तो आला आणि स्वतः त्या तारांचा काळा भाग कापायला बसला.

उंदराची घाण साफ करताना कोरडा झाडू मारू नका. त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होतो, हाताला चीर असेल तर आणखीच धोका. हातमोजे घाला, नाकातोंडाला रुमाल बांधा. कपडे धुवायचं ब्लीच पाण्यात घालून त्यात फडकं भिजवा, त्याने आधी घाण ओली करा आणि मग उचला. वायरींच्या जोडांत पाणी जाऊ देऊ नका.

वायर जोडायचं काम पुतणीने केलं, ते थोडक्यात सांगते, कारण ते शिकलेल्या हाताचंच काम आहे. जळालेला भाग पूर्ण कापायचा, तितक्याच जाडीची नवी वायर घालायची, पीळ देऊन डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं, आणि वरून आकसणारी नळी घालून ती तापवायची. नुसती चिकटपट्टी उन्हाने सुटते. दोन तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ द्यायचे नाहीत, एक वर आणि एक खाली घ्यायचा. प्रत्येक जोड तिने मल्टिमीटरने तपासला. साडेतीनशे रुपयांचा तो मीटर आता गटाच्या कपाटात असतो.

आमचा कट्टा उन्हाने तडकलेलाही होता, वरून बोट घालता येईल एवढी चीर होती. म्हणून मी आणि सूनबाई एसटीने सोलापूरला जाऊन जुना पण धड कट्टा आणला, बाराशेला. जुना घेताना काय बघायचं ते सांगते. आपल्याच गाडीचा आणि त्याच वेळच्या प्रकारचा आहे का, हे बघा, कारण एकाच नावाच्या गाडीत मध्येच भोकं आणि खाचा बदललेल्या असतात. घरून आपल्या कट्ट्याचे मागचे फोटो आणि सुतळीने घेतलेलं माप घेऊन जा. स्क्रू बसतात ते कान मोडके नाहीत ना, ते हात फिरवून बघा. दुकानदार म्हणाला, मीटरसकट घ्या, दोनशे जास्त. आम्ही नाही म्हटलं. मीटर आपलं स्वतःचंच ठेवायचं. दुसऱ्या गाडीचं मीटर बसवलं की किलोमीटरचा आकडा खोटा होतो, आणि उद्या गाडी विकली तर ती घेणाऱ्याची फसवणूक होते.

बसवताना उलट क्रमाने जायचं. पण कट्टा पूर्ण आवळायच्या आधी एकदा बॅटरी जोडून सगळं तपासा. आम्ही एकेक दिवा, हॉर्न, वायपर, चारही इंडिकेटर, ब्रेकचे लाल दिवे बघितले. एकजण मागे उभी राहून "पेटला" म्हणायची. सगळं पेटलं. परत बॅटरी काढली आणि उरलेलं आवळायला बसलो.

आणि तिथे माझी चूक झाली. चहाला उठलो तेवढ्यात माझ्या धाकट्याने मसाल्याच्या डब्यातल्या दोन वाट्या एकात ओतल्या, भातुकली म्हणून. वही होती, फोटो होते, वेचून परत लावता आले असते. पण पाच वाजले होते, दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि मी म्हटलं, स्क्रू तो स्क्रू, काय फरक पडतो. आखूड स्क्रूच्या जागी मी लांब घातला. जरा जड गेला, मी आणखी जोर लावला. सगळं बसलं, बॅटरी जोडली, पुतण्याने दिवे लावले आणि टक् करून सगळं गेलं. अंधार.

क्षणभर आम्ही सगळ्या पाच पावलं मागे. बाभळीखालचा तो धूर आठवला. पण धूर नव्हता, वासही नव्हता. पुतणीने फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं, लाल फ्यूज बाहेर काढून उजेडात धरला. आतली पट्टी मधोमध तुटलेली. ती म्हणाली, "आत्या, हा बघ, गेला." आणि त्या गेलेल्या फ्यूजकडे बघून अक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई गेला."

लांब स्क्रूचं टोक मागच्या वायरीत घुसलं होतं. ती बाजू परत उघडली, वायर दुरुस्त केली, आखूड स्क्रू घातला. रात्रीचे नऊ वाजले. मेकॅनिकभाऊंनी बॅटरीच्या उजेडात स्टिअरिंगचे बोल्ट आवळून बघितले, सगळे जोड बघितले, मग घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना कळलं की वेगाचा काटा हलतच नाही. किलोमीटरची केबल नीट बसली नव्हती, खटका लागल्याचा आवाज ऐकायला हवा होता. ते परत आल्यावर दहा मिनिटांत झालं.

खर्च सांगते, म्हणजे वहिनींना बरं वाटेल. कट्टा १,२००, मेकॅनिकभाऊ ५००, मल्टिमीटर ३५०, वायर आणि नळी २४०, एसटी १८०, फ्यूज ६०. एकूण २,५३० रुपये आणि दीड दिवस. आमची मजुरी यात धरलेली नाही. ती धरायला पाहिजे असं वहिनींचं म्हणणं आहे, आणि पुढच्या बैठकीत तो विषय आहे. मला त्यांचं पटतं.

काही गोष्टी तुम्ही आजच करू शकता, कट्टा न काढता. गाडीत रात्री पीठ, धान्य, मसाला ठेवू नका. इंजिनाची ऊब आणि खायला धान्य मिळालं की उंदीर येणारच. उन्हात उभी करताना काचेच्या आतून पुठ्ठा लावा, कट्टा तडकणार नाही. आणि फ्यूजची डबी उघडून बघा. प्रत्येक फ्यूजवर आकडा असतो आणि त्याचा रंग ठरलेला असतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. कुठला फ्यूज कुठे, ते झाकणावर लिहिलेलं असतं. गेलेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा घाला, मोठा नको. दोनदा घालूनही गेला तर तिसरा घालू नका, वायरमनला बोलवा. आणि डबीत कुठे तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली, तर गाडी तिथेच उभी करा, ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी.

तुम्ही डॅशबोर्ड स्वतः काढाच असं मी म्हणत नाही. गॅरेजलाच द्या, हरकत नाही. पण देताना विचारा: जोड सोल्डर करणार का, नुसती चिकटपट्टी लावणार? फ्यूज किती आकड्याचा घालणार? जळालेली वायर परत द्या म्हणा, हातात घेऊन बघा. आमच्या वायरमनला मी हे नंतर विचारलं, तेव्हा तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बसा ताई, दाखवतो."

आमची वही, म्हणजे वाट्यांचे आणि जोडांच्या आकड्यांचे पान, मी येत्या गुरुवारी ग्रामसंघाच्या बैठकीला आणते आहे. ज्यांच्याकडे ओम्नी आहे त्यांनी उतरवून घ्या, ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांनी फ्यूजच्या डबीच्या झाकणाचा फोटो काढून आणा, पुतणी समजावून सांगेल. तिची सुट्टी रविवारपर्यंतच आहे, तेव्हा गुरुवार चुकवू नका. येताना दोन-दोन रुपये काढून ठेवा, फ्यूज आणायचे आहेत.